जावा की ड्यूक? ‘तुलनात्मक अभ्यास’ लिहायला बसलेल्यांसाठी

गणपतीच्या आधी, ऑगस्टमध्ये, रोह्याहून मावसभावाचा मेसेज आला. “ताई, तू रस्त्यांवर पीएचडी करतेस ना? मग सांग, जावा ३५० घेऊ की ३९० ड्यूक?” सोबत एक एक्सेल शीट. डावीकडे बाबी, मधे जावा, उजवीकडे ड्यूक. सीसी, पॉवर, टॉर्क, वजन, किंमत, मायलेज, टॉप स्पीड, शून्य ते शंभर. प्रत्येक ओळीत जिंकणाऱ्याचा रकाना हिरवा केलेला. खाली बेरीज: ड्यूक विजयी. आणि त्याच्याही खाली त्याचंच वाक्य: “पण मन जावावर आहे.”

मी ते शीट उघडलं आणि मला माझा पहिला सिनॉप्सिस आठवला.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटच्या तयारीत आहात, काहींचं कोर्सवर्क चालू आहे. गेल्या काही महिन्यांत तुम्ही वाचायला पाठवलेल्या आराखड्यांत सगळ्यात जास्त वेळा भेटलेले दोन शब्द म्हणजे ‘तुलनात्मक अभ्यास’. कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटासमोर उभे राहा, हेच दोन शब्द दिसतील. माझाही तोच होता: काँक्रीट व डांबरी रस्त्यांवरील प्रवाससुखाचा तुलनात्मक अभ्यास. समितीतल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला, “कोणाच्या प्रवाससुखाचा?” मला उत्तर देता आलं नाही. आराखडा परत आला, सहा महिने गेले.

म्हणून आज भावाच्या शीटची चिरफाड करतेय. गाड्यांचं निमित्त आहे असं समजू नका. गाड्यांबद्दलच लिहितेय, कारण या तुलनेत जे चुकतं ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

हा वाद मुळात अमेरिकेतला. तिकडे आजचा प्रश्न असा असतो: आधुनिक स्पोर्ट्स कार घ्यावी, की पुनरुज्जीवित मसल कार, म्हणजे जुन्या चेहऱ्याने परत आलेली मस्टँग, कॅमेरो, चॅलेंजर? स्पोर्ट्स कार म्हणजे हलकी, वळणांवर घट्ट बसणारी. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत कोंबलेलं मोठं व्ही-८ इंजिन. एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत सरळ रेषेत सुटायचं, बाकी वळणाचं बघू पुढे. मसल कारची सुरुवात अनेक जण १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून धरतात. ६.४ लिटरचं इंजिन. गंमत अशी की ‘जीटीओ’ हे नाव त्यांनी सरळ फेरारीच्या २५० जीटीओवरून उचललेलं. म्हणजे जिची स्पोर्ट्स कारशी तुलना करायची, त्या गाडीचं नावच स्पोर्ट्स कारकडून उसनं.

मग व्हायचं तेच झालं. मार्च १९६४च्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने मुखपृष्ठावर दोन्ही जीटीओ समोरासमोर उभ्या केल्या, आणि पाँटियाकच्या बाजूने असा काही कौल दिला की ते मासिक आणि ती गाडी दोन्ही गाजले. पण मुखपृष्ठावर होतं ते चित्र. तुलनेसाठी फेरारी त्यांच्या हातात आलेलीच नव्हती. आणि पाँटियाकच्या जाहिरातीचं काम बघणाऱ्या जिम वँगर्सने पुष्कळ वर्षांनी कबूल केलं की मासिकाला चाचणीला दिलेल्या त्यांच्या गाडीत ६.४ लिटरचं इंजिन नव्हतंच. त्याहून मोठं, ४२१ घनइंचाचं, म्हणजे जवळपास ७ लिटरचं इंजिन बसवलेलं होतं. एक नमुना गैरहजर, दुसरा बनावट, आणि निष्कर्ष साठ वर्षं टिकून. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात ‘नमुना निवड’ हे प्रकरण वाचताना झोप येत असेल तर ही गोष्ट आठवा.

त्यातला दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. मसल कारची कसोटी होती पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ. ड्रॅग रेसिंगचं माप. स्पोर्ट्स कारची कसोटी होती वळणावळणाच्या ट्रॅकवर एका फेरीला लागणारा वेळ. पाव मैल घेतलात तर एक जिंकते, फेरी घेतलीत तर दुसरी. दोन्ही मापं अचूक आहेत, पुन्हापुन्हा मोजलीत तरी तोच आकडा येतो. म्हणजे विश्वसनीयता पूर्ण. पण चाचणी निवडली त्याच क्षणी निकालही निवडला गेला, आणि ही निवड कोणी केली ते लेखात कुठेच लिहिलेलं नसतं. भावाच्या शीटमध्येही नाही. त्याने बाबी कुठून घेतल्या विचारलं तर म्हणाला, “यूट्यूबवर सगळे याच घेतात.”

आता ‘पुनरुज्जीवित’ या शब्दाकडे. काय परत आलं असतं?

तीन उत्तरं शक्य आहेत: चेहरा, यंत्र, किंवा वापर. २००५च्या मस्टँगने जुना चेहरा परत आणला. तिच्यात मागचा अखंड अ‍ॅक्सलही टिकून होता, तो २०१५च्या मॉडेलला गेला. त्याच पिढीत कारखान्यातून उजव्या हाताचं स्टिअरिंग मिळू लागलं, म्हणून २०१६ साली ती अधिकृतपणे आपल्याकडे विकायला येऊ शकली. चॅलेंजर २००८ला आली, तिनेही चेहराच आणला. पण २००४ साली परत आलेली जीटीओ उलटी निघाली. ती होती ऑस्ट्रेलियातली होल्डन मोनारो, नाव तेवढं पाँटियाकचं. इंजिन ५.७ लिटरचं व्ही-८, ताकद भरपूर, मसल कारच्या व्याख्येत चपखल बसणारी. चेहरा मात्र चारचौघींसारखा. लोकांनी ती स्वीकारली नाही, २००६ला बंद पडली. यंत्र असून चेहरा नाही, तर लोक म्हणतात ही ती नव्हे. चेहरा असून यंत्र वेगळं, तर म्हणतात आली आपली जुनी!

आपल्याकडची उदाहरणं घ्या. कॉन्टेसाला लोक अजून ‘भारताची मसल कार’ म्हणतात. लांब बॉनेट, रुंद छाती. मूळ इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं, १९८४ला हिंदुस्थान मोटर्सने आणलेली, आणि सुरुवातीला त्या लांब बॉनेटखाली काय होतं? अँबॅसिडरच्या घराण्यातलं १.५ लिटरचं इंजिन. इसुझूचं १.८ नंतर आलं. पोशाख पैलवानाचा, दम कारकुनाचा. (कारकुनांनी राग मानू नये, माझे वडील तेच होते.)

आणि टाटा सफारी. १९९८ची सफारी शिडीसारख्या चासीवर उभी, मागची चाकं ओढणारी, हवी तर फोर बाय फोर. २०२१ला ‘परत आलेली’ सफारी हॅरिअरच्या प्लॅटफॉर्मवरची, पुढची चाकं ओढणारी. चांगली गाडी आहे, वाद नाही. पण २०२०च्या ऑटो एक्स्पोत हीच गाडी ‘ग्रॅव्हिटास’ नावाने मांडलेली होती. वर्षभरात नाव बदललं आणि ती वारसदार झाली. मधल्या काळात त्या पत्र्याखाली वारसा म्हणावा असं काय शिरलं? तुमच्या आराखड्यात ‘पारंपरिक’, ‘आधुनिक’, ‘पुनरुज्जीवित’ असे शब्द गट पाडण्यासाठी वापरले असतील तर ही ग्रॅव्हिटास डोळ्यांसमोर ठेवा. नाव हा चल नसतो. नाव कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी चिकटवलेलं असतं.

माझं आजोळ पेणचं. हमरापूरच्या बाजूला मामाचा मूर्तींचा छोटा कारखाना आहे, मावसभाऊ तिथेच कामाला. रोह्याहून रोज ये-जा. हे शीट मी मामाला दाखवलं, कारण मामाकडे एकेकाळी येझदी होती. त्याने गाड्यांबद्दल काही न बोलता शेजारच्या दोन मूर्तींकडे बोट केलं. एकाच साच्यातल्या, सारखीच आखणी, डोळे एकाच हाताने केलेले. “यातली शाडूची कुठली, प्लास्टरची कुठली?” मी चेहरे बघत बसले. तो म्हणाला, “बघून काय कळणार? उचल.” शाडूची जड असते. चेहऱ्यात न दिसणारा फरक हाताला लागला.

तर जावा उचलून बघू.

जुनी जावा म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बनायची, सत्तरच्या दशकात तिचं नाव येझदी झालं, १९९६ला कारखाना बंद पडला. इंजिन २५० सीसीचं टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. किक मारायची दांडी फिरवून खाली घेतली की तीच गिअरची दांडी. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. १५ नोव्हेंबर २०१८ला जावा परत आली ती महिंद्राच्या पाठबळावरच्या क्लासिक लेजंड्स कंपनीकडून. जुन्या म्हैसूरच्या इराणी घराण्यातले बोमन इराणी तिच्या संस्थापकांत आहेत. गाडी बनते इंदूरजवळच्या पिथमपूरला. इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. २०२४च्या जानेवारीत आलेली जावा ३५० म्हणजे ३३४ सीसी, साडेबावीस पीएस, २८ न्यूटन मीटर.

टू-स्ट्रोक परत आणणं आजच्या प्रदूषणाच्या निकषांत जमणारं नव्हतं. त्यामुळे आवाज गेला, धूर गेला, तेलाचा वास गेला, किक गेली. राहिली टाकी, मडगार्डची गोलाई आणि ते दोन सायलेन्सर. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर ठेवायची नव्या इंजिनात यांत्रिक गरज काही नाही. इंजिनिअर म्हणून मला ते वाढीव ओझं वाटतं. मामाला ते वंशावळीचं प्रमाणपत्र वाटतं. आणि इथे मी मामाच्या बाजूने झुकते, कारण ही गाडी लपवाछपवी करत नाही. ती आजचं यंत्र आहे, कालचा सदरा घालून आलेली, आणि इंजिनावरचे रेडिएटरचे पाइप कोणालाही दिसतात. सफारीपेक्षा ही तडजोड मला जास्त सरळ वाटते.

मग ड्यूक ‘आधुनिक’ आणि जावा ‘जुनी’ हे वर्गीकरण कुठे उरलं? दोन्ही एक सिलिंडरच्या, दोन्ही पाण्याने थंड होणाऱ्या, दोन्हींत चार व्हॉल्व्ह. बजाजने केटीएममध्ये २००७ साली हिस्सा घेतला, ३९० ड्यूक २०१३ला आली, आणि ती बनते चाकणला. डिझाइन ऑस्ट्रियातल्या किस्काचं. २०२३च्या पिढीत इंजिन ३९९ सीसी झालं: ४६ पीएस, ३९ न्यूटन मीटर, गाडीचं वजन १६८ किलोच्या आसपास. जावा १९०च्या वर. फरक आहेच, मोठा आहे. पण तो काळाचा फरक नाही, हेतूचा आहे. एक गाडी आठवण विकते, दुसरी घाई. दोन्ही आजच्याच.

भावाच्या शीटमधली सर्वांत हिरवी ओळ होती पॉवरची: ४६ विरुद्ध साडेबावीस, दुपटीहून जास्त. पण ते ४६ मिळतात ८५०० आरपीएमला, जावाचे साडेबावीस ७०००ला. आता तो रोज कुठे चालवतो ते बघा. रोह्याहून निघायचं, भिसे खिंडीतून नागोठणे, तिथून महामार्ग धरून वडखळवरून पेण. चाळीसेक किलोमीटर. खिंडीत पुढे एसटी असली की दुसरा-तिसरा गिअर. महामार्गाचं तर काय सांगायचं. पनवेल ते इंदापूर (पुण्याचं नव्हे, माणगाव तालुक्यातलं) या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ला सुरू झालं, आणि तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली पोरं आता बाइक घ्यायला निघालीत. एखादा तुकडा आरशासारखं काँक्रीट, पुढे वळवलेला रस्ता, मग पुलाच्या जोडावर आदळा, पावसाळ्यात खड्डे. भावाच्या मागे बसून फोनचा जीपीएस चालू ठेवून मी दोन फेऱ्या केल्या. काटा ऐंशीच्या पुढे थोडाच वेळ टिकला. इंजिन बहुतेक वेळ त्या कमाल आकड्यांच्या पुष्कळ खाली फिरत होतं.

म्हणजे त्याने दोन गाड्यांची शिखरं मोजली आणि राहतो तो पायथ्याशी. शिखराची उंची खरी आहे, पण त्याला हवं होतं ते वितरण: चाळीस किलोमीटरमध्ये कुठल्या वेगात, कुठल्या गिअरमध्ये किती वेळ जातो. कमी आरपीएमवर इंजिन किती समंजसपणे ओढतं, हे ‘कमाल टॉर्क’ या एका आकड्यात मावत नाही. त्यासाठी अख्खा आलेख लागतो. तुमच्या आराखड्यात सरासरी किंवा कमाल एवढंच लिहिलं असेल तर एकदा विचारा, तुमचा माणूस त्या आलेखावर दिवसभर कुठे उभा असतो?

इथे माझ्या विषयाचं थोडं सांगते, कारण यातच मी स्वतः फसले होते. रस्ता किती खडबडीत, हे जगभर आयआरआय नावाच्या निर्देशांकाने मोजतात. ब्राझीलमध्ये १९८२ साली प्रयोग झाले, १९८६ला जागतिक बँकेने तो प्रसिद्ध केला, एकक मीटर प्रति किलोमीटर. ऐकायला वाटतं रस्त्याचं माप आहे. प्रत्यक्षात ते असं काढतात: रस्त्याचा उंचसखलपणा घ्यायचा, त्यावरून एक काल्पनिक मोटार ताशी ८० किलोमीटरने गणितात चालवायची, पाव मोटारच खरं तर, एक चाक आणि त्याचं सस्पेन्शन, आणि ते सस्पेन्शन किती हललं त्याची बेरीज करायची. म्हणजे रस्ता मोजायला गाडी लागते. आपल्याकडे वापरात असलेला बंप इंटिग्रेटर तर खरोखरचा एका चाकाचा ट्रेलर आहे, ताशी ३२ किलोमीटरने ओढायचा. आणि गाडी आरामदायी आहे की नाही हे मोजायला रस्ता लागतो. एकाला बाजूला ठेवून दुसऱ्याला मोजताच येत नाही.

त्या काल्पनिक गाडीत कोणी बसलेलं नसतं, हेही लक्षात घ्या.

बाइकचं बघाल तर दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स १८० मिलीमीटरच्या आसपास, त्यामुळे यूट्यूबवर त्यावर जी दहा मिनिटं जातात ती वाया. सस्पेन्शनचा प्रवास मात्र ड्यूकचा जास्त, पुढे-मागे १५० मिलीमीटर. म्हणजे ‘स्पोर्टी’ गाडी खड्ड्यात आपटणार आणि ‘आरामाची’ गाडी तरंगणार, हा समज कागदावर तरी उलटा पडतो. पण प्रवास जास्त म्हणजे आराम जास्त असंही नाही. स्प्रिंग किती कडक, माणूस किती वजनाचा, बसतो कसा. भाऊ पंचावन्न किलोचा आहे. एकट्याने बसला तर स्प्रिंग धड दबतही नाही. शीटमध्ये त्याचं स्वतःचं वजन कुठेच नव्हतं.

किमतीच्या ओळीची वेगळीच कथा. शीट ऑगस्टमधलं. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले: ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर २८चा १८ टक्के झाला, त्यावरच्यांवर पूर्वी २८ अधिक ३ टक्के उपकर होता, त्याचा ४० झाला. ३३४ एका बाजूला, ३९९ दुसऱ्या. दुकानातली किंमत कुठल्या कंपनीने किती बदलली हा पुढचा भाग. पण कराचं म्हणाल तर एका रात्रीत दोघींमधली दरी तीन टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर गेली, आणि दोन्ही यंत्रांत एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता. ३५० ही रेघ निसर्गाने मारलेली नाही. दारिद्र्यरेषा, तालुक्याची हद्द, ‘शहरी’ आणि ‘ग्रामीण’ हे रकाने वापरतानाही कधी या रेघेची आठवण ठेवा. भाव फिरले तसा त्याने तो रकाना पुन्हा रंगवला. वस्तू तीच, निष्कर्ष नवा.

इतकं सगळं मी त्याला लांबलचक व्हॉइस मेसेज करून सांगितलं, आणि माझं सुधारित शीट पाठवलं. एकोणीस बाबी. कमाल आकडे काढून टाकलेले, त्याच्या रस्त्याचे तीन तुकडे पाडलेले, त्याचं वजन, सर्व्हिस सेंटरचं अंतर, पावसाळा वेगळा. माझ्या मते उत्तम आराखडा. गाईडला दाखवला असता तर खूश झाले असते.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी रोह्याला गेले. जेवताना शीटचा विषय निघाला. मावशी भाकरी थापताना म्हणाली, “त्या उंच गाडीवर मी बसू कुठे रे?”

मावशी दर आठवड्याला पेणला आजीकडे जाते. दिवा–रोहा गाडीची वेळ जुळली तर गाडीने, नाहीतर मुलाच्या मागे. साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, एका हाताने सीटची मूठ धरून, दुसऱ्या हातात पिशवी. चाळीस किलोमीटर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाने मागच्या माणसासाठी मूठ, पाय ठेवायची जागा आणि चाकात कपडा जाऊ नये म्हणून आडोसा सक्तीचा केलेला आहे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. कायद्याला मावशी दिसली होती. यूट्यूबवाल्यांना दिसली नाही, भावाला दिसली नाही. मलाही नाही, आणि मी बाई आहे, शिवाय त्याच सीटवर बसून दोन फेऱ्या केलेल्या. मी जीन्समध्ये, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले होते. ड्यूकची मागची सीट वेगळी, उंच, छोटी. जावाची एकसंध, लांब, सपाट.

मला वाटलं, सुटला प्रश्न. विसावी ओळ घातली: मागे एका बाजूला बसणाऱ्या व्यक्तीची सोय. तिला भरपूर वजन द्यायचं असंही मनात ठरवलं.

संध्याकाळी आम्ही तिला घेऊन शोरूमला गेलो. जावावर ती नीट बसली, पाय टेकवायला जागा मिळाली, पदर सावरून म्हणाली, “बरी आहे.” मग ड्यूकवर बसवलं. भावाने तिला हात दिला, ती चढली, जराशी पुढे घसरली, हसली. मी फोनवर लिहून घेत होते. तिने विचारलं, “काय लिहितेस?” मी सांगितलं, तुझ्या बसण्याला किती मार्क द्यायचे ते.

“मला नको मार्क,” ती म्हणाली. “मी आठवड्यातून एकदा बसणार, तो रोज दोनदा. आणि हप्ते तोच भरणार. घे रे तुला हवी ती, मी रेल्वेने जाईन.”

भाऊ काही बोलला नाही. बुकिंगची पावती अजून कोरी आहे, दसऱ्याला दोन दिवस आहेत. विसाव्या ओळीचं वजन मी खोडून ठेवलंय. ते किती धरायचं हे ते दोघं अजून ठरवतायत.